रुची, मत आणि न्याय

आवडीनिवडीविषयी वाद घालू नये, असे शहाणी माणसे सांगतात. आणि तीच माणसे मिसळीवरून घटकाभर हमरीतुमरीवर येतात. या विसंगतीत त्यांचा दांभिकपणा आहे असे मला वाटत नाही. ज्याला निळा रंग आवडतो तो तांबडा आवडणाऱ्याशी भांडत नाही. मिसळीवरून भांडण होते, याचा अर्थ तेथे केवळ आवडीहून अधिक काही पणास लागलेले असते. ते काय, आणि त्यामुळे मत देणाऱ्यावर काही नैतिक बंधन येते काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या पेठेतले मिसळीचे लहानसे उपाहारगृह वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. मोडाच्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लाल तर्रीचा कट आणि शेजारी पाव. सर्वांपुढे सामग्री एकच. पण एकाच बाकावरून उठलेल्या चौघांची मते चार. पहिला म्हणतो, ‘जिभेचा नुसता जाळ झाला.’ दुसरा म्हणतो, ‘कटात दमच नाही.’ तिसरा म्हणतो, ‘फरसाण खवट होते.’ चौथा पुण्याकडचा पाहुणा, तो म्हणतो, ‘हिला मिसळ म्हणूच नये, आमच्याकडे तीत पोहे असतात.’

ही चारही विधाने व्याकरणदृष्ट्या मिसळीविषयीच आहेत. पण जरा खोल पाहिले असता त्यांच्या जाती तीन आहेत.

पहिल्या दोघांचे बोलणे वस्तुतः स्वतःविषयी आहे. तिखटपणा ही जिभेची चवच नव्हे, असे आधुनिक शरीरशास्त्र सांगते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची वेदना कळविणारे मज्जातंतू चेतविते. हा दाह कोणत्या ग्राहकामार्फत जाणवतो याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये लावला, आणि अशा संशोधनाबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नित्याच्या सेवनाने हा दाह सोसवू लागतो. तेव्हा एकाच वाटीतल्या रश्शाने एकाला घाम फुटावा आणि दुसऱ्याला तो फिका लागावा, यात कोणीच खोटे बोलत नाही. ही मते परस्परविरुद्ध दिसतात, पण ती एकमेकांस खोडीत नाहीत.

तिसऱ्याचे विधान निराळे. फरसाण खवट असेल तर ते सर्वांसाठी खवट आहे. नसेल तर तक्रार खोटी आहे. डेव्हिड ह्यूम याने १७५७ च्या आपल्या रुचिविषयक निबंधात ‘डॉन किहोटे’तील एक गोष्ट घेतली आहे. दोन माणसांनी पिंपातली दारू चाखली. एकाला तीत चामड्याचा वास आला, दुसऱ्याला लोखंडाचा. दोघांचेही हसे झाले. पिंप रिकामे केल्यावर तळाशी निघाली चामड्याची वादी बांधलेली किल्ली! हसणाऱ्यांची संख्या मोठी होती; पण किल्ली दोघांच्याच बाजूची होती. मतांची सरासरी काढून सत्य हाती येत नाही ते असे. हल्ली उपाहारगृहांना गुण देऊन सरासरी काढण्याची चाल पडली आहे. तीत दाहाची तक्रार आणि खवटपणाची तक्रार एकाच तागडीत पडतात.

चौथ्याचा दावा सर्वांत मोठा, कारण तो परंपरेच्या नावाने बोलतो. परंतु मिरची अमेरिकेची; ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. पाव हा शब्दही त्यांचाच. जपानचा म्हणून जगभर गाजलेला रामेन हा पदार्थही मुळात चिनी शेवयांचा. सांगलीचेच पाहा. १९४९ मध्ये जो जिल्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला, त्याचेच नाव १९६० मध्ये सांगली झाले. सरकारी सीमा अशा हलत असता, पदार्थाच्या नावाची सीमा मात्र अचल मानणे चमत्कारिकच होय. तरीही हा दावा सर्वस्वी पोकळ नाही. नाव हे एक वचन असते. मिसळ मागविणाऱ्याला केवळ चिवडा दिला तर त्याची फसवणूकच होईल. वचनभंग कोठे होतो आणि निव्वळ प्रांतभेद कोठे असतो, एवढा विवेक मात्र बोलणाऱ्याने करावयास हवा.

कोणी म्हणेल, ‘मग जाणकारांनीच बोलावे आणि बाकीच्यांनी मुकाट्याने खावे काय?’ नाही. भरताने नाट्यशास्त्रात रस समजावून देताना दृष्टान्त स्वयंपाकघरातलाच घेतला: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सुमनस्क माणसे जशी आस्वादितात, तसे प्रेक्षक नाट्य आस्वादितात. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेथील वाचकांना हा दृष्टान्त परका वाटू नये. भरताने अट घातली ती सुमनस्कतेची, अधिकारपत्राची नव्हे. दिवसभर हमाली करून आलेला माणूसही तितकाच सुमनस्क असू शकतो; आणि घरून रागावून आलेला पंडित तितका नसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: रुची खासगी आहे, पण उच्चारलेले मत ही सार्वजनिक कृती आहे. ‘मला सोसले नाही’ म्हणणारा आपल्यापुरते बोलतो. ‘वाईट आहे’ म्हणणारा सर्वांच्या वतीने निकाल देतो. त्या निकालाच्या एका बाजूस पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाची रोजी असते, आणि दुसऱ्या बाजूस उद्या तेथे पैसे मोजणाऱ्याचा विश्वास. पहिल्याच्या दयेपोटी खवट तेलावर पांघरूण घालणे हा दुसऱ्यावर अन्याय. स्वतःच्या जिभेचा दुबळेपणा आचाऱ्याच्या माथी मारणे हा पहिल्यावर. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच: आपण स्वतःविषयी बोलत आहोत, वस्तूविषयी की नावाविषयी, हे आधी स्वतःशी ठरवावे.

मिसळीसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु न्यायबुद्धीला सवय लागते ती क्षुल्लक वस्तूंवरच. ‘मला रुचले नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ यांतील अंतर जो खाण्याच्या बाकावर पाळीत नाही, तो ते ग्रंथ वाचताना पाळील, सून पारखताना पाळील किंवा परप्रांतीय शेजाऱ्याविषयी बोलताना पाळील, असा भरवसा कोणी द्यावा?