सेवेला नकार

म्हातारपणी आईवडील मुलांची सेवा घ्यायला तयार नसतील, तर मुलांचे कर्तव्य मोठे की आईवडिलांची इच्छा, हा धर्मविचारातला अवघड प्रश्न आहे. सेवा करणाऱ्याविषयी आपल्या परंपरेने भरभरून सांगितले. पंढरपूरच्या कथेत देव दाराशी आला तरी पुंडलिक आईवडिलांची सेवा सोडत नाही. त्याने भिरकावलेल्या विटेवर देवच उभा राहतो. ती सेवा घेताना त्या म्हाताऱ्या जीवांना काय वाटत होते, यावर कथेचा भर नाही.

घेण्याविषयी परंपरेचा सूर वेगळा आहे. दान स्वीकारण्याला धर्मशास्त्रात प्रतिग्रह म्हणतात. अधिकार असला तरी प्रतिग्रहाची सवय लावून घेऊ नये, त्याने तेज मावळते, असा इशारा मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. सहाव्या अध्यायात तर अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी असे सांगितले आहे. हे ग्रंथ न वाचलेल्या घरांतही तोच संस्कार मुरलेला असतो. लेकीच्या घरचे पाणीसुद्धा न घेणारे आईवडील अनेक घरांत होऊन गेले. ‘हातपाय चालतायत तोवर कुणाला त्रास नको’ हे वाक्य त्याच संस्कारातून येते. त्याला नुसता म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. आयुष्यभर देणारा हात राहिलेल्या माणसाला घेणारा हात होणे म्हणजे आपले घरातले स्थान गमावणे वाटते.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात आढळतो. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयाला राहिला. युधिष्ठिराने या चुलत्याला पित्याच्या ठिकाणी मानले, काही कमी पडू दिले नाही, त्याचे मन कुणी दुखवू नये अशी आज्ञाही दिली. तरीही भीम, युधिष्ठिराच्या अपरोक्ष पण म्हाताऱ्याला ऐकू जाईल असे, त्याचे पुत्र याच बाहूंनी मारले म्हणून दंड थोपटत असे. धृतराष्ट्र गुपचूप अन्न कमी करत गेला, जमिनीवर निजू लागला. युधिष्ठिराला याचा पत्ताच नव्हता. धृतराष्ट्राने वनात जाण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा कुठे त्याला ही उपासमार कळली. धृतराष्ट्राने आधी जेवावे म्हणून युधिष्ठिराने गळ घातली. अनुज्ञा मिळाली तरच जेवेन, असे म्हाताऱ्याने सांगितले. अखेर व्यासांनी मध्ये पडून त्याला जाऊ द्यायला लावले.

युधिष्ठिराच्या सेवेत खोट नव्हती, पण संवाद मात्र उणा पडला. ताट भरलेले आहे ना, एवढे पाहिले गेले. ते कोणत्या मनाने समोर घेतले जाते, हे कुणी विचारले नाही. जाण्यापूर्वी धृतराष्ट्राने जे मागितले तेही बोलके आहे. भीष्म, द्रोण आणि आपले पुत्र यांच्या श्राद्धासाठी त्याला धन हवे होते. भीमाचा विरोध असूनही युधिष्ठिराने ते दिले. परावलंबी म्हाताऱ्याला शेवटी स्वतःच्या हाताने काही द्यायचे होते.

कुंतीचा नकार याहून कठीण. तिला कुणी दुखावले नव्हते. मुले रडली, विनवण्या केल्या, तरी मुलांनी जिंकलेल्या राज्याचे फळ भोगायचे नाही असे सांगून ती दीर आणि जावेची सेवा करायला वनात गेली. पुढे वणव्यात तिघांचाही अंत झाला आणि युधिष्ठिराने आक्रोश केला. म्हाताऱ्या माणसाच्या निर्णयाला मान दिल्याने मुलांचे दुःख टळते, असा खोटा दिलासा महाभारत देत नाही.

तेव्हा बोलणे ‘आता तुला जमत नाही’ इथून सुरू होऊ नये. कशाची भीती वाटते, कोणती कामे स्वतःच्या हातात राहायला हवीत, कुणाच्या हातून अंघोळ घालून घेणे सहन होणार नाही, हे आधी विचारावे लागते. मदतीला ठेवलेल्या बाईला स्वयंपाक शिकवण्याचे काम आईकडे राहिले, तर तीच मदत तिला अनेकदा स्वीकारता येते. एका बैठकीत हे मिटत नाही.

नकाराला मर्यादाही आहे. स्मृतिभ्रंशाने समजच ढळली, गॅस उघडा राहू लागला, की नकारामागे निर्णय उरलेला नसतो. तिथे संमतीची वाट पाहणे ही हेळसांड ठरते. पण समज गेली हे ठरवण्याची घाई नको. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 हा मानसिक उपचारांपुरता आहे, तरी त्यातले एक तत्त्व इथेही लागू पडावे: निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो घेणाऱ्याची क्षमता गेली असे मानता येत नाही. उपचार कुठवर घ्यायचे हे माणसाने समज शाबूत असतानाच लिहून ठेवावे, यालाही सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने मान्यता दिली आहे.