लज्जेची मर्यादा

लज्जा हा सद्गुण खरा. परंतु ती जेव्हां स्वतःच्या देहाची कैफियतच ऐकूं देत नाहीं, तेव्हांही तिला सद्गुण म्हणावें काय? आमच्या सुशिक्षित घरांतून हृदयविकाराची वार्ता कांहींशा प्रौढीनेंच सांगितली जाते. शौचावाटे रक्त पडतें हें मात्र पति पत्नीसही सांगत नाहीं. मूळव्याध समजून महिनेच्या महिने घरगुती औषध चालतें. बहुधा ती मूळव्याधच असते. पण या 'बहुधा'वर किती दिवस विसंबावें?

तो संशय फेडण्याचें साधन म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशीं रेचकानें कोठा साफ करावयाचा, आणि मग गुंगीचें औषध देऊन, टोकाशीं कॅमेरा असलेली लवचिक नळी गुदद्वारांतून सरकवीत सुमारें ५ फूट लांबीचें मोठें आंतडें आंतून पाहावयाचें. रक्तस्राव, अकारण रक्तक्षय, शौचाच्या संवयींत पडलेला फरक, आंतड्याच्या क्षयाची शंका, अशा कारणांनीं ती करतात. पण ती नुसती पाहणी नव्हे. या आंतड्याचा कर्करोग बहुशः एका लहानशा मांसांकुरापासून उद्भवतो, आणि त्यास सामान्यतः १० वर्षें तरी लागतात. १९६९ मध्यें न्यूयॉर्क येथें वुल्फ व शिन्या यांनीं असा अंकुर नळीवाटेंच तारेच्या फांसानें काढला; तेव्हांपासून रोग पाहणें व तो होऊं न देणें हें एकाच बैठकींत साधूं लागलें. क्वचित् आंतड्यास छिद्र पडतें, हेंही सांगितलें पाहिजे.

आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत, बार्शीस, १९८७ मध्यें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. रोगी आपण होऊन येईल याची वाट न पाहतां तिचे कार्यकर्ते खेडोपाडीं जाऊन माणसांशीं बोलले. त्या नोंदींत मोठ्या आंतड्याचा कर्करोग कमीच आढळला. तेव्हां अमेरिकेंत २०२१ पासून ४५ व्या वर्षापासूनच निरोगी माणसांच्याही चांचणीची जी शिफारस आहे, ती येथें जशीच्या तशी उचलावी असा माझा आग्रह नाहीं.

माझा आग्रह निराळा आहे. बापास वा भावास हा रोग झाला असेल, तर रक्ताच्या नात्यांतील इतरांस त्याचा धोका सुमारें दुप्पट होतो, व त्यांनीं ४० व्या वर्षींच, किंवा रोग्याच्या त्या वेळच्या वयाच्या १० वर्षें आधीं, तपासून घ्यावें असें वैद्यक सांगतें. म्हणजे स्वतःच्या आंतड्याची वार्ता ही एकट्याची मालमत्ता नव्हे. 'मुलांस उगीच घोर नको' असें वडीलधारे म्हणतात, आणि त्यांत माया असते, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या मायेची किंमत भरावयाची ती मुलांनींच. पुढें डॉक्टर मुलास विचारतात, वडील कशानें गेले? तो सांगतो, पोटाच्या कसल्याशा विकारानें.