माहेराचा कागद नसतो

माझ्या लहानपणी वाडा म्हणजे दरवाजा, एवढीच आमची समजूत होती. सिंदखेड राजातून जाणाऱ्या मुंबई–नागपूर रस्त्यावर तो अजून उभा आहे, भरभक्कम, वर नगारखाना घेऊन. आत शिरलं की मात्र डोक्यावर आभाळच. जोती, पायऱ्या, जमिनीच्या पोटात गेलेल्या खोल्या. त्यातल्या एका जागेला सगळे म्हाळसा महाल म्हणतात आणि तिथं आवाज आपोआप खाली येतो. जिजाऊंचा जन्म तिथला.

आजीच्या अंगणात न्हाणीपाशी एक घडीव चिरा होता. त्यावर उभं राहून हातपाय धुवायला लागलं की ती ओरडायची, "त्याच्यावर पाय नको देऊ, वाड्याचा हाय तो." तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, तेवढंच. तो चिरा तिनं कधी पाटावरवंट्यालाही वापरला नाही. संध्याकाळी त्यावर पणती ठेवायची.

पुढे मी वाड्याचा शोध घ्यायला लागलो, तो या चिऱ्यापायी. दरवाजा सगळ्यांचा होता, चिरा आमच्या घरातला होता.

वाचत गेलो तेव्हा कळलं, की सिंदखेड कागदांत पुष्कळ आहे. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव निजामशाहीतले मातब्बर सरदार. ते मोगलांकडे गेले तेव्हा जाधव घराण्याला मिळून २४ हजारांची मनसब मिळाल्याची नोंद आहे. मग ते निजामशाहीकडे परतले आणि १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात मुलांसह मारले गेले. त्यांची पत्नी उरलेल्या माणसांना घेऊन सिंदखेडला आली. इतिहासाच्या पुस्तकांत तिचं नाव गिरिजाबाई असं येतं, गावात मात्र म्हाळसाबाईच. १७५७ मध्ये रामचंद्र जाधव हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं इथं अडकून पडले आणि पेशव्यांकडच्या विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या फौजांनी सिंदखेडला वेढा घातला. १८०४ च्या आसपास इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पत्रांत या मुलखातले चोर आणि उपासमारीनं मरणारी माणसं दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, अरब शिपायांच्या बंडाळीनंतर, जाधवांचं उरलंसुरलं वतनही जप्त झालं. १८५३ मध्ये वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात गेला.

हे सारं वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. कागद सिंदखेडकडे वळतात ते इथून काही नेलं जातं किंवा इथं काही लादलं जातं तेव्हा. मनसब दिली, वेढा घातला, वतन काढलं. वाड्यात चूल कुठे होती, मुली कुठल्या सोप्यात बसायच्या, घोड्यावर बसायला जिजाऊंना कोणी शिकवलं, यातलं कशालाच सही-शिक्का लागत नव्हता. जहागिरीचा कागद होतो. माहेराचा होत नाही. आणि मी जे शोधत होतो ते तर माहेरच होतं.

माहेर हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. लखुजीराव मारले गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत, १६३० मध्ये, शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे पोटात मूल असताना त्यांचं माहेर उद्ध्वस्त झालं. त्याआधीच भोसले आणि जाधव ही दोन्ही घरं एकमेकांविरुद्ध तलवारी घेऊन उभी राहिली होती. दौलताबादेत एका बिथरलेल्या हत्तीवरून पेटलेल्या चकमकीत जिजाऊंचे भाऊ दत्ताजी आणि चुलतदीर संभाजी, दोघेही गेले. ही हकीकत परमानंदाच्या शिवभारतात आली आहे. ज्या बाईच्या माहेरचं आणि सासरचं रक्त असं एकाच दिवशी सांडलं, तिच्या मनात सिंदखेडचा वाडा काय होता, हे मला राजकारणाच्या कुठल्याही तपशिलापेक्षा मोठं वाटतं.

वाडा नाहीसा कसा झाला, याचं उत्तर लोक एका वाक्यात मागतात: कोणी पाडला? आपल्याकडची बरीचशी मोठी घरं मात्र कोणी पाडत नाही. खाली चिरेबंदी जोतं, वर लाकडाचा सांगाडा, विटा, माती, चुना. धनी गेला, वतन गेलं, की पहिल्यांदा छप्पर गळतं. मग तुळया निघतात, कारण चांगलं सागवान कोण कुजू देईल? नंतर विटा, मग सुटे झालेले चिरे. आमच्या भागातल्या मातीच्या गढ्यांचं तर याहून वेगळंच झालं. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकावी लागते आणि ती गढीइतकी चांगली दुसरीकडे मिळत नाही. लोकांनी गढ्या वर्षानुवर्षं टोपल्यांनी घरी नेल्या. याला मी लूट म्हणणार नाही. राजाचं घर गावाच्या छपरावर जाऊन बसलं आणि पाऊस अडवू लागलं. आजीचा चिरा त्याच वाटेनं अंगणात आला असणार.

जिजाऊंची पुढची घरंही टिकली नाहीत. पुण्याचा मूळ लालमहाल गेला, आज दिसतो तो महापालिकेनं विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. पाचाडला, जिथं राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ ला त्यांनी देह ठेवला, तिथंही वाड्याच्या भिंती आणि जोतीच उरली आहेत. पण पाचाडची तक्क्याची विहीर आहे, तशी सिंदखेडला पुतळाबारव आहे, मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे. माणसं राहायची ती जागा गेली आणि पाणी भरायची ती राहिली. पाण्याची गरज कुठल्या वतनावर अवलंबून नसते, म्हणूनच तसं झालं असेल.

वाडा पुन्हा बांधावा, असं कोणी म्हणालं की मला भीती वाटते. नव्या भिंती उभ्या करायच्या तर जुन्या जोत्यावरच पाया येणार आणि जे खाली आहे ते कायमचं झाकलं जाणार. खाली काय असू शकतं हे २०२४ मध्ये गावानं पाहिलं आहे. लखुजीरावांच्या समाधीजवळ डागडुजीचं काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला मंदिराचे अवशेष लागले आणि सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, पावणेदोन मीटरच्या आसपास लांब. आपल्या काळ्या बेसॉल्टची नव्हे, मऊ क्लोराइट शिस्टची. म्हणजे ज्या जमिनीवर आमच्या पिढ्या जिजाऊंच्या काळाला सगळ्यात जुना काळ समजत वावरल्या, त्या जमिनीत त्याच्याही आधीचं गाव होतं. उभारणीची घाई केली तर असं कितीतरी हातचं जाईल. त्यापेक्षा घरोघरचे चिरे मोजावेत, त्यांचे फोटो काढावेत, कुठल्या म्हातारीनं काय सांगितलं ते लिहून ठेवावं. चिरे परत मागू नयेत.

दर १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, लाखोंनी लोक येतात. बायका त्या उघड्या जोत्यावर डोकं टेकतात, पोरींना जवळ ओढून दाखवतात. बघायला तिथं फारसं काही नसतं, तरी त्या बराच वेळ हलत नाहीत.

आजी गेल्यावर घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा तिचा चिरा पहिल्यांदाच उलटा केला. खालच्या अंगाला चुन्याचे पापुद्रे होते आणि एका कोपऱ्यात वाटीएवढा खळगा, आतून गुळगुळीत. जुन्या दाराचा खुंटा अशाच खळग्यात फिरतो. मी त्यात बोट फिरवलं. दार पुष्कळदा उघडलं होतं.