अक्रोड न फोडणारा शिपाई



जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात एर्झगेबिर्ग नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील खाणींतले उत्पन्न घटत गेले, तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. झायफेन गावी १८७० च्या सुमारास विल्हेल्म फ्युश्टनर या कारागिराने अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला घडवला. तोच आज जगभर ‘नटक्रॅकर’ म्हणून ओळखला जातो. पाठीमागची दांडी उचलली की जबडा उघडतो. त्यात अक्रोड ठेवून दांडी दाबली की कवच फुटते. बाहुल्याला रूप दिले राजाचे, शिपायाचे, पोलिसाचे. ज्यांच्यापुढे गरिबाने वाकायचे, त्यांनीच त्याच्या घरी अक्रोड फोडायचे! त्या कारागिरांची ही गंमत मला फार आवडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे बाहुले मायदेशी नेले. तिथे ते आधी नाताळची शोभा झाले, आणि आता सुगीच्या सणाचीही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या ‘थँक्सगिव्हिंग’साठी हातात भोपळा, मक्याचे कणीस किंवा टर्की घेतलेले नटक्रॅकर मिळतात. हौशी लोक ते जमवून ओळीने मांडतात. आपली मुले-मुली परदेशी आहेत. त्यांनी आणलेला असा एखादा बाहुला आपल्याही काचेच्या कपाटात उभा असेल.

मात्र त्याच्या तोंडात खरा अक्रोड घालू नका. शोभेच्या बाहुल्याचा जबडा नाजूक असतो, तोच मोडायचा. हातात सुगी, तोंडात दात, आणि खायला कुणालाच काही नाही.

संग्रह करणे पाप आहे का? मुळीच नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जुन्या वस्तू जमवल्या. त्यांत आपल्याकडचे नक्षीदार अडकित्तेही आहेत. अल्पवयात वारलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली सारा ठेवा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. जमवलेले हातातून सुटले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील (१२:१६-२१) श्रीमंत शेतकऱ्याच्या हातून नेमके हेच झाले नाही. त्याचे पीक चोरीचे नव्हते, कष्टाचे होते. पण प्रभू येशूने सांगितलेला तो दाखला पुन्हा वाचून पाहा. तो माणूस बोलतो कुणाशी? फक्त स्वतःशी. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य! बायकोचा उल्लेख नाही, शेजाऱ्याचा नाही, राबणाऱ्या मजुराचा नाही. देवाचे आभारही नाहीत. कोठारे मोठी करायचा बेत ठरतो आणि त्याच रात्री बोलावणे येते.

थँक्सगिव्हिंगची सुरुवात ज्या जेवणापासून मानतात, ते १६२१ साली प्लिमथ येथे झाले. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पहिल्या हिवाळ्यातच दगावले होते. सुगीनंतर वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष त्यांच्या पंगतीत आले आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली. सण साजरा झाला तो दुसऱ्याच्याही शिकारीवर. पुढच्या पिढ्यांत त्या यजमानांनी आणि पाहुण्यांनी एकमेकांचे रक्त सांडले, हेही विसरू नये.

सुगीचे आभार कसे मानावेत याविषयी लेवीय पुस्तकात (१९:९-१०) एक साधा नियम आहे. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत. कडेचा भाग किती मोठा असावा, हे मात्र तिथे लिहिलेले नाही. ते शेतकऱ्यावर सोडले आहे.

बेथलेहेमच्या बवाजाने ते आपल्या परीने ठरवले. सातूच्या कापणीत रूथ नावाची परदेशी विधवा त्याच्या शेतात सरवा वेचायला आली. तेव्हा त्याने आपल्या गड्यांना सांगितले, पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे ओढून खाली टाका आणि तिला रागावू नका. संध्याकाळी रूथने सातू झोडून मोजले आणि घरी सासूकडे नेले. त्या दोघींच्या घरात त्या रात्री भाकर होती. पुढे तिचा पणतू दावीद राजा झाला, आणि मत्तयने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत त्या सरवा वेचणारीचे नाव आहे.