दुखावले जाणारे पाणी

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पेनच्या मुर्सिया प्रांतात, मार मेनोर या खाऱ्या सरोवरातले मासे आपणहून काठाकडे येऊ लागले. उथळ पाण्यात मासे, वाम, कोळंबी यांची दाटी झाली आणि हजारो जीव तिथेच तडफडून मेले. खोल पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता.

सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे हे सरोवर ला मांगा नावाच्या लांबलचक वाळूपट्ट्याने भूमध्य समुद्रापासून वेगळे झाले आहे. १९७९ मध्ये ताहो नदीचे पाणी कालव्याने सेगुरा खोऱ्यात आले आणि कार्ताहेनाच्या कोरड्या माळावर भाजीपाल्याची बागायत फुलली. तिथली कोबीवर्गीय भाजी आणि खरबुजे युरोपभर जातात. पिकांनी न घेतलेले नायट्रेट मात्र ओढ्यांतून आणि भूजलातून सरोवरात उतरत राहिले. त्यावर शैवाल पोसले. २०१६ मध्ये पाणी इतके हिरवे आणि गढूळ झाले की तळाशी ऊन पोचेना. तळावरची बहुतेक गवताळ कुरणे मेली. सप्टेंबर २०१९ च्या अतिवृष्टीत गोड्या पाण्याचा थर वर आणि जड, खारा थर खाली अशी स्थिती झाली. खालच्या थराला हवा मिळेना, त्यात कुजणाऱ्या शैवालाने उरलासुरला प्राणवायू खाल्ला.

हे कृत्य कोणाचे? काहींनी भूजलाचा बेकायदा उपसा केला, त्यांच्यावर खटलेही झाले. पण बहुतेकांनी रानाला खत घातले, एवढेच. कोणाच्याही मनात मासे मारायचे नव्हते. कर्माचा विचार कर्त्यापासून सुरू होतो: ज्याने केले, त्याने भोगावे. इथे कर्ता हजारो शेतांत आणि चाळीस वर्षांत विखुरला आहे. भोगणारे सरोवर मात्र एकच आहे.

मुर्सिया विद्यापीठातल्या कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक तेरेसा विसेंते यांनी म्हणूनच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. कोणी केले, याआधी कोणाला सोसावे लागले ते विचारायचे. सरोवराला कायद्याने व्यक्ती मानावे, या मागणीवर सहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तसा कायदा झाला. कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरलेली युरोपातली ही पहिली परिसंस्था. तिच्या वतीने कोणीही नागरिक न्यायालयात उभा राहू शकतो. २०२४ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

भारतीय माणसाला यात नवल वाटू नये. देवळातल्या देवाच्या नावावर आपल्याकडे जमिनी असतात, देव दावे लावतो. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या वादात, देवाची बाजू मांडायला निःस्वार्थी प्रतिनिधी नेमावा, असे सांगितले होते. त्याच वाटेने उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्याला स्थगिती दिली. नदीच्या पुरात कोणी दगावले तर भरपाई कोणी द्यायची, अशी राज्य सरकारची अडचण होती.

खरी अडचण श्रद्धेत आहे. गंगेला आपण आई म्हणतो, पण तिच्याकडून एकच अपेक्षा ठेवतो: तिने सगळ्यांचा मळ घ्यावा आणि स्वतः शुद्ध राहावे. जिचे पावित्र्य कशानेच ढळत नाही, तिच्यावर अन्याय होऊच शकत नाही. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असतो आणि वारकरी त्यातच स्नान करतात. त्यांची भक्ती अस्सल आहे. पण सांडपाणी सोडणाऱ्यांना नदीच्या याच अढळ पावित्र्याची सोय होते, हे बोलायला हवे. मार मेनोरला दैवी सामर्थ्य कोणी दिले नाही. त्याला इजा होऊ शकते, एवढेच मान्य केले, आणि त्याच्या हक्कांचा पाया तोच ठरला. भक्तिपरंपरेला हे परके नाही. मुक्या जिवाची वेदना ओळखणे हीच तिथे संताची खूण मानतात.

कायदा झाला म्हणून नायट्रेट थांबलेले नाही. माळाखालच्या भूजलात अनेक दशकांचे खत साठले आहे आणि आज एक पोतेही टाकले नाही, तरी ते पाझरत राहणार. ज्यांनी ते घातले त्यांतले काही आता हयात नाहीत. त्यांच्या वाटणीचे देणे कोणी फेडायचे, याचे उत्तर कायद्याने नेमलेल्या सरोवराच्या पालक समित्यांना आता शोधायचे आहे. आणि ते नुसत्या दंडाच्या पावतीतून निघणार नाही, कारण पावती फाडायला समोर कोणी नाही.