गणपतीला निघण्याआधी

चि. अनघास,


परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "सईची गाडीतली सीट आता तिला पुरत नाही, देऊन टाकणार आहे. पाच वर्षांची झाली, मोठ्यांसारखी बेल्ट लावून बसेल." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. फोनवर सांगितलं असतं तर "हो मावशी, बघते" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून लिहिते आहे.

जुनी सीट खरोखरच अपुरी पडत असेल तर दे. पण तिच्यानंतर लगेच बेल्ट येत नाही, मध्ये बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, येतो. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या अंगाला बेतलेला असतो. साधारण 145 सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट उंची होईपर्यंत तो मुलांना नीट बसत नाही. सई आत्ता कुठे 110 च्या आसपास असेल.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आज संध्याकाळी गाडी उभी असताना तिला मागे बसवून बेल्ट लाव आणि दहा मिनिटं नुसती बघत राहा. पाठ टेकून बसली की तिचे गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचणारच नाहीत, पाय सरळ पुढे येतील. तसं कुणालाच फार वेळ बसवत नाही. पाय दुमडायला ती पुढे घसरेल, आणि ती घसरली की मांडीवरचा पट्टा पोटावर चढेल. वरचा पट्टा मानेला घासायला लागेल, मग ती तो काखेखालून घेईल, नाहीतर पाठीमागे टाकेल. मूल द्वाड म्हणून हे करत नाही, त्याला टोचतं म्हणून करतं.

आणि नेमकं इथेच भय आहे. धडक बसली की पट्ट्याचा सगळा जोर कमरेच्या हाडावर यायला हवा. मोठ्यांच्या त्या हाडाला पुढून उंचवटा असतो, पट्टा तिथे अडतो. मुलांमध्ये तो दहाएक वर्षांपर्यंत पुरता घडलेला नसतो. पट्टा वर निसटतो आणि मऊ पोटात रुततो. आतडी फाटू शकतात, पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते, आणि वरून दिसतो तो फक्त पोटावरचा वळ. डॉक्टर याला सीट बेल्ट सिंड्रोम म्हणतात. यावरून बेल्टच नको असं मात्र मनात आणू नकोस, बेल्टशिवाय बसणं याहून कितीतरी वाईट.

बूस्टर करतो ते अगदी साधं काम. तो मुलाला उंच उचलतो, त्याची बैठक आखूड असल्याने गुडघे दुमडतात, आणि पट्टा त्याच्या खाचांतून गेला की मांड्यांवरच राहतो. व्होल्वोने 1978 मध्ये असा बूस्टर आणला, म्हणजे ही काही कालची टूम नाही. सईसाठी पाठ असलेलाच घे. झोपली तरी डोकं बाजूला कलंडत नाही आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध राहतो. युरोपात तर 2017 पासून नव्या बिनपाठीच्या बूस्टरना 125 सेंटिमीटर उंची आणि 22 किलो वजनाच्या पुढच्या मुलांसाठीच मान्यता मिळते. घेताना लेबलवर आर 44, आर 129 किंवा आपल्याकडचं एआयएस 072 यांपैकी एक मानक आहे का ते बघ. कुणाचा वापरलेला मिळाला तर त्या गाडीला अपघात झाला नव्हता याची पक्की खात्री असेल तरच घे. मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर लावू नका. आणि सई गाडीत नसतानाही तो पट्ट्याने बांधून ठेवा, नाहीतर धडकेत तोच उडून कुणाला तरी लागेल.

तुझ्या सासूबाई म्हणतील, "एवढं कशाला? मी घेते की मांडीवर." त्यांची माया मला कळते, पण हिशेब बघ. ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 20 किलोचं मूल सरासरी 280 किलोच्या जोराने पुढे जातं. ते धरून ठेवणारे हात कुणाचेच नसतात. "मागे बसलं की भीती नाही" हीसुद्धा घातक समजूत आहे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेले दोघंही गेले. दोघांनीही बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

कायदाही आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण तो कुठे आणि कितीदा होतो, यावर सईचं बसणं ठरवू नकोस.

ती रडेल, हट्ट करेल. पहिल्या दिवशी तू विरघळलीस की पुढे दर वेळी घासाघीस होईल. बेल्ट लागल्याशिवाय गाडी चालू होत नाही, एवढंच तिला माहीत असू दे. चिपळूणच्या वाटेवर कंटाळली तर साताऱ्याला, कराडला उतरून पाय मोकळे करा, पण चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही.

मला खरी काळजी आहे ती चिपळूणला पोचल्यावरची. विसर्जनाला सगळी पोरं एकाच गाडीत कोंबायची आपल्याकडे रीतच आहे, आणि तिथे सून म्हणून तुला बोलायला जड जाईल. म्हणून तुझ्या मोठ्या दिरांशी मीच फोनवर बोलले. ते दोन खेपा करायला तयार आहेत. बूस्टर त्यांच्या गाडीत लावायचा तेवढा तू लाव, त्यांना पट्टा कुठून घ्यायचा ते माहीत नाही.

तुझी,
मावशी