ओलीत थांबवण्याचे दिवस

बुलडाणा जिल्ह्यातला माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, घाटावरचे की घाटाखालचे? झाडांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलडाणा शहरात पौषातल्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि व्हरांड्यातला मनीप्लांट वाढायचा थांबतो. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे गेलं की थंडी तेवढी बोचत नाही, पण वैशाखात तिथल्या उन्हाच्या झळांनी तोच मनीप्लांट गप्प होतो. जिल्हा एक, झाड एक, थांबण्याचे हंगाम मात्र वेगळे.

घरातल्या झाडांच्या सुप्तावस्थेबद्दल जे सल्ले आपल्यापर्यंत येतात, ते बहुतेक थंड देशांतल्या हिवाळ्यासाठी लिहिलेले असतात. लंडनला डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे तो पावणेअकरा-अकरा तासांचा, आणि ऊन लख्ख. तिथे झाड उजेडावाचून थांबतं, इथे गारव्याने थांबतं. उद्यानशास्त्रज्ञ लँग यांनी 1987 मध्ये सुप्तावस्थेची जी विभागणी मांडली, तिच्यातला एक भेद इथे कामाला येतो: बाहेरच्या परिस्थितीमुळे थांबलेलं झाड वेगळं आणि आतूनच थांबलेलं वेगळं. मनीप्लांट पहिल्या जातीचा. ऊब मिळाली की लगेच कोंब काढतो. डोंगरातली कळलावी दुसऱ्या जातीची. पावसाळा सरल्यावर ती वाळून जाते आणि तिचा कंद जमिनीत पुढच्या पावसाची वाट पाहतो. कुंडीतल्या फुटबॉल लिलीचं आणि कॅलेडियमचं तसंच.

दिवाळीनंतर कॅलेडियमकडे जरा निरखून पाहावं. आधी पानाची कड पिवळी पडते, मग देठ बुडाशी मऊ होऊन आडवा होतो आणि महिनाभरात कुंडीत फक्त माती उरते. झाड मेलं समजून कित्येक घरांत ती कुंडी रिकामी केली जाते, नाहीतर तिच्यात मिरचीचं रोप लागतं. कुणी हळहळून रोज तांब्याभर पाणी घालतं. ते तर जास्तच घातक. पानं नसली की पाणी ओढणारं कुणी नसतं. माती ओलीच राहते, तिच्यातली हवा कोंडते, मुळांना श्वास घेता येत नाही, बुरशी धरते आणि कंद सडतो. अडेनियमचं फुगीर खोड थंडीत दाबून पाहिल्यावर मऊ लागलं, तर बहुतेकदा कारण हेच असतं.

पाणी घालणं दिसतं, न घालणं कुणाला दिसत नाही. घरात जो काळजी घेतो तो काहीतरी करताना दिसला पाहिजे, असं आपण धरून चाललो आहोत, आणि त्या करण्यातून झाडापेक्षा आपल्याच जिवाला धीर मिळतो. पण याच जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, हात आवरायचं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आंबिया बहार धरायचा तर संत्र्याची बाग हिवाळ्यात ताणावर सोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त दिवस ओलीत बंद. पानं मलूल होतात, काही गळतात. वाढ थांबल्यामुळे अन्नाचा साठा फांद्यांत राहतो आणि डोळ्यांतून पालवीऐवजी कळी येते. मग एकदम पाणी सोडत नाहीत. आधी आंबवणीचं हलकं ओलीत, काही दिवसांनी चिंबवणी, मग भरपूर. कंदाच्या कुंडीलाही पहिलं पाणी असंच, नुसती माती भिजेल इतकं द्यावं.

तरी ताण आणि विश्रांती यांत फरक आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. बागायतदार झाडाला फळासाठी थांबवतो. त्याचं घर त्या बहारावर चालतं, त्यात गैर काही नाही. घरातलं झाड मात्र स्वतः थांबतं. फुटबॉल लिलीला आपण खुशीने विश्रांती देतो, कारण मे महिन्यात ती लालभडक गोळा घेऊन उभी राहते. अॅग्लोनिमा थांबून काहीच देत नाही. दोन महिने एकही नवं पान नाही, आणि नंतर पहिल्यासारखंच एखादं. त्याचं थांबणंही तितक्याच मोकळ्या मनाने मान्य व्हायला हवं. पुढे काही पदरात पडणार असेल तरच एखाद्याला स्वस्थ बसू द्यायचं, ही सवय माणसांच्या बाबतीतही आपल्या हाडीमासी खिळली आहे.

शेगाव-संग्रामपूरच्या खारपाण पट्ट्यात तर थांबलेल्या झाडाला आणखी जपावं लागतं. बोअरचं पाणी खारट, आणि थांबलेलं झाड ते फारसं ओढत नाही. पाणी मातीवरूनच उडून जातं आणि वर पांढरी खपली धरते. ती वरच्या मातीसकट खुरप्याने काढून टाकावी आणि साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर ते या कुंड्यांसाठी राखावं. पानं टिकलेल्या झाडाला, बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसल्यावर माती कोरडी लागली, तरच थोडं पाणी, तेही सकाळी ऊन वर आल्यावर. खत नको, कुंडी बदलणं नको. हात स्वस्थ बसत नसतील तर पानं ओल्या फडक्याने पुसावीत. तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्यांच्यावर धुळीचा थर बसतो आणि हिवाळ्यातला उजेड झाडाला पुरता मिळत नाही.